पावसाळी रानवाट आणि चार पाय

लोणावळ्याहून राजमाचीच्या कुशीतल्या उधेवाडीला जाणारी वाट साधारण १५ किलोमीटरची. चढ बेताचा, पण जुलैत तिथे वाट म्हणून फारसे काही उरत नाही. लाल चिखल, आडवे येणारे ओढे आणि डबक्यांमागून डबकी. सुट्टीच्या दिवशी अशा वाटांवर माणसांच्या जोडीने लॅब्राडोर, बीगल आणि दत्तक घेतलेली देशी कुत्रीही दिसतात. चार भिंतींत आठवडाभर कोंडलेल्या कुत्र्याला रानाचा वास मिळतो, ही आनंदाचीच गोष्ट. फक्त सह्याद्रीचा पाऊस म्हणजे बागेतली सर नव्हे. आंबोलीत वर्षाकाठी सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. तेव्हा किती चालायचे आणि कुठे चालायचे, हे मालकाच्या हौसेने नव्हे तर कुत्र्याच्या शरीराने आणि जंगलाच्या गरजेने ठरले पाहिजे.

पावसात कुत्र्याला थंडी वाजेल, एवढेच बहुतेकांच्या मनात येते. उकाड्याचा विचार कोणी करत नाही. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. जीभ बाहेर काढून धापा टाकायच्या, तोंडातला ओलावा हवेत उडू द्यायचा आणि अंग निववायचे, हा त्याचा मुख्य मार्ग. हवा बाष्पाने भरलेली असली की हा ओलावा नीट उडत नाही. म्हणून ढगाळ, भिजक्या दिवशीही खड्या चढावर कुत्र्याला उष्माघात होऊ शकतो. पग, फ्रेंच बुलडॉग अशा चपट्या नाकाच्या कुत्र्यांना तर असल्या चढावर नेऊच नये. वर माथ्यावर पोहोचल्यावर नेमके उलटे होते. भणाण वारा, भिजलेली कातडी, आणि थांबल्या थांबल्या कुडकुडणे सुरू. दाट दुहेरी केसांच्या कुत्र्याचा आतला थर तासन् तास ओला राहतो. आपल्याकडच्या कारवानी कुत्र्याचे केस आखूड. ते लवकर वाळतात, पण अंगावर चरबी नसल्याने गारठा त्याला पटकन लागतो.

खरी भीती डबक्यांची. लेप्टोस्पायरोसिसचे जंतू उंदीर, गुरे आणि इतर जनावरांच्या मूत्रातून साचलेल्या पाण्यात आणि चिखलात उतरतात आणि पायावरच्या बारीकशा ओरखड्यातून किंवा तोंडा-नाकाच्या ओल्या त्वचेतून अंगात शिरतात. २६ जुलै २००५च्या पुरानंतर मुंबईत या रोगाची साथ आली होती, ती अनेकांना आठवत असेल. कुत्र्याच्या मूत्रपिंडावर आणि यकृतावर तो घाला घालतो, आणि आजारी कुत्र्याच्या मूत्रातून घरातल्या माणसांनाही होऊ शकतो. लस आहे, ती जंतूंच्या सगळ्या प्रकारांवर चालत नसली तरी घ्यायलाच हवी. पहिल्या वेळी काही आठवड्यांच्या अंतराने दोन मात्रा लागतात, पुढे दरवर्षी एक. म्हणजे पहिला पाऊस पडल्यावर दवाखाना गाठून उपयोग नाही. तयारी एप्रिल-मेमध्येच व्हावी. शिवाय पिण्याचे पाणी घरून न्यावे, म्हणजे कुत्रा डबक्याला तोंड लावणार नाही.

पट्टा सोडायचा की नाही, यावर ट्रेकर मंडळींत वाद होतात. पायथ्याच्या गावात तरी वादाला जागा नाही. जुलैत भातलावणी चालू असते, आणि मोकळा कुत्रा खाचरात उधळला तर कुणाची तरी दिवसभराची कंबरमोड मेहनत चिखलात जाते. शेवाळलेल्या कातळावर गळ्यातल्या पट्ट्यापेक्षा छातीभोवतीचा हार्नेस बरा. पाय घसरला तर गळ्याला हिसका बसत नाही. ओढ्याला लोंढा आलेला असेल, तर मात्र कुत्रा कितीही पट्टीचा पोहणारा असो, मागे फिरावे.

जंगलाची बाजू आणखी गंभीर आहे. विद्या अत्रेया आणि सहकाऱ्यांनी अकोले तालुक्यात बिबट्यांच्या आहाराचा अभ्यास केला, तेव्हा वजनाच्या हिशेबाने ३९ टक्के वाटा एकट्या कुत्र्यांचा निघाला. हरिश्चंद्रगड आणि रतनगड याच तालुक्यातले. धोका उलट दिशेनेही आहे. २०१८ साली गीरमध्ये वीसहून अधिक सिंह दगावले आणि त्यांच्यात कॅनाइन डिस्टेंपरचा विषाणू सापडला. हा मुळात कुत्र्यांचा ओळखीचा रोग. १९९४मध्ये आफ्रिकेतल्या सेरेंगेटीत याच विषाणूने सुमारे एक तृतीयांश सिंह मारले. म्हणूनच कळसूबाई-हरिश्चंद्रगड किंवा भीमाशंकरसारख्या अभयारण्यांत पाळीव कुत्रा नेऊ नये. शेकरूच्या झाडाखाली भुंकणारा कुत्रा मालकाला गोड वाटेल, शेकरूला नाही. अभयारण्याबाहेरच्या रानवाटा पुष्कळ आहेत.

गडांच्या पायथ्याची कुत्रीही ट्रेकर्सच्या मागे निघतात, आणि बिस्किटांच्या आशेने थेट माथा गाठतात. त्यांची सोबत लोभस असते. पण ती आपल्या हद्दीबाहेर येतात, दुसऱ्या वाडीच्या कुत्र्यांशी भिडतात, कधी परतीची वाट चुकतात. त्यांना गावातच खाऊ घालून वेशीपासून मागे धाडणे, ही खरी माया. आणि परतल्यावरच्या भज्यांच्या ताटलीतला तुकडा कुठल्याच कुत्र्याला नको: कांद्याने त्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. ट्रेकच्या पिशवीतले मनुके आणि चॉकलेटही त्याला विषासमान.

घरी आल्यावरचा अर्धा तास महत्त्वाचा. कोमट पाण्याने चिखल काढावा, बोटांच्या बेचक्या कोरड्या कराव्यात, लोंबत्या कानांच्या कुत्र्याचे कान आतून पुसावेत. बेचक्यांत, काखेत, कानामागे आणि शेपटीखाली बोटे फिरवून गोचीड शोधावेत. एर्लिकिया आणि बॅबेसिया हे रक्ताच्या रोगांचे जंतू तेच पसरवतात. जळू ओढून काढू नये, नखाने तिचे तोंड बाजूला सरकवावे. ती सुटल्यावरही रक्त बराच वेळ वाहते, कारण तिच्या लाळेत रक्त गोठू न देणारे द्रव्य असते. पुढचे दोन आठवडे कुत्र्यावर नजर ठेवावी. खाणे सुटले, ताप आला, उलट्या झाल्या, हिरड्या फिकट किंवा डोळे पिवळे दिसले, तर त्याच दिवशी पशुवैद्याकडे न्यावे, आणि तो कोणत्या तारखेला, कुठल्या रानात, कसल्या पाण्यातून चालला हे न विचारताच सांगावे.