कळते पण वळत नाही

विडी ओढणाऱ्याला ‘हे वाईट आहे’ असे सांगून पाहा. तो वाद घालत नाही. ‘खरे आहे तुमचे,’ म्हणतो आणि काडी ओढतो. पाकिटावरचे धोक्याचे चित्र त्याने रोज पाहिलेले असते. मग तो थांबत का नाही?

लिऑन फेस्टिंजर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९५७ साली मनातल्या अशा विसंगतीवर ग्रंथ लिहिला. त्यात उदाहरण घेतले ते धूम्रपान करणाऱ्याचेच. कळते पण वळत नाही, ही अवस्था मनाला फार काळ सोसत नाही. वळणे अवघड; म्हणून मन कळण्यालाच मुरड घालते. त्यातून सबबी निघतात.

‘आमचे आजोबा नव्वदीपर्यंत ओढत होते.’ असतील. पण विडीपायी पन्नाशीत गेलेले कित्येक जण आजोबा व्हायला राहिलेच नाहीत. त्यांचा दाखला कोण देणार?

‘विडी म्हणजे झाडाचे पान.’ पान बाहेरून, आत तंबाखूच. शिवाय ती विझू नये म्हणून झुरके जास्त मारावे लागतात.

‘टेन्शन उतरते.’ सवय लागलेल्या शरीराला निकोटिन मिळाले नाही की ते बेचैन होते. झुरका तीच बेचैनी शमवतो. आग लावणाराच पाण्याचा बंब घेऊन यावा, तसे हे.

‘तासभरही राहवत नाही.’ रमजानमध्ये रोजे धरणारे कितीतरी विडीबाज पहाटेपासून सूर्यास्तापर्यंत विडीला शिवत नाहीत. इफ्तारनंतर हात खिशाकडे जातो, हे खरे; पण दिवसभर राहवले, हेही खरेच.

सर्वांत घातक सबब शेवटची : ‘आता या वयात सोडून काय मिळणार?’ तिला उत्तर आहे. रिचर्ड डॉल आणि सहकाऱ्यांनी ब्रिटनमधल्या पुरुष डॉक्टरांच्या आयुष्याची १९५१पासून ५० वर्षे नोंद ठेवली. २००४ साली निष्कर्ष आले. आयुष्यभर सिगारेट ओढणारे सरासरी सुमारे १० वर्षे आधी गेले. पन्नाशीत सोडणाऱ्यांनी त्यातली सुमारे ६ वर्षे वाचवली, साठीत सोडणाऱ्यांनी ३. तीन वर्षांत नातवंडे चालायला, बोलायला लागतात.

सबब सांगणारा माणूस मूर्ख नसतो. धोका कळला आहे, म्हणूनच त्याला सबब लागते. त्याला टोचून बोललो, तर तो आणखी एक सबब शोधील. त्यापेक्षा ‘सोडायची ठरवलीस तर मी सोबत आहे,’ एवढे म्हणावे. १८००-११-२३५६ या सरकारी क्रमांकावर मोफत सल्लाही मिळतो.