लॅमिंग्टन रोड, डोंगलचं काउंटर

साडेदहा. शटर वर, काउंटर पुसलं, टेस्टिंगचा राउटर चालू केला. गल्लीत अजून हमाल आणि चहावालेच जास्त.

अकरा. वसईहून फोन. "दादा, राउटर एका कंपनीचा आहे, डोंगल पण त्याच कंपनीचा लागेल ना?" नाही लागत. वायफायचे नियम सगळ्या कंपन्यांना सारखेच, आणि नवा राउटर सहसा जुन्या डोंगललाही सांभाळून घेतो. मी उलट विचारतो : घरात राउटर कुठे, पीसी कुठे, मधे भिंती किती? कॉम्प्युटरला निळा यूएसबी ३.० पोर्ट आहे का? कंपनीचं नाव तोंडपाठ असतं, पण या प्रश्नांची उत्तरं क्वचितच कुणाकडे तयार असतात.

साडेबारा. कॉलेजचा पोरगा, गेमिंगसाठी. नखाएवढा डोंगल उचलून म्हणतो, "हा चालेल ना?" चालेल रे, पण हा फक्त २.४ गिगाहर्ट्झचा. या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच, १, ६ आणि ११. चाळीत किंवा टॉवरमध्ये शेजाऱ्यांचे सगळे राउटर त्यातच दाटीवाटीने बसलेले. त्याला ५ गिगाहर्ट्झवालाच हवा. मग तो 'एसी ६००' लिहिलेला खोका बघून खूश होतो. या ६०० मध्ये ५ गिगाहर्ट्झचे ४३३ एमबीपीएस आहेत, उरलेले २.४ चे, खोक्यावर ढोबळ बेरीज छापलेली असते, डोंगल मात्र एका वेळी एकाच पट्ट्यावर चालतो. शिवाय हे आकडे कागदावरचे. ८६७ वाला डोंगल घेऊन तो यूएसबी २.० मध्ये खोचला, तर पोर्टच ४८० च्या पुढे जाऊ देत नाही.

दोन. डबा. एका हाताने पोळी, दुसऱ्याने बिल.

तीन. एक काकू लॅपटॉप घेऊन आल्या. नवा राउटर लावल्यापासून मोबाइलला वायफाय दिसतं, लॅपटॉपच्या यादीत नावच येत नाही. "आतलं कार्ड गेलंय म्हणाले, डोंगल द्या." टेस्टिंगच्या राउटरवर वायफाय ६ चालू केलं : यादीत आमचं नाव नाही. राउटरमध्ये ते बंद केलं, यादी पुन्हा उघडली, नाव हजर. कार्ड ठणठणीत होतं, ड्रायव्हर जुना होता. वायफाय ६ च्या राउटरची हाक त्याला कळतच नव्हती. मोबाइल यूएसबीने जोडून नेट घेतलं, नवा ड्रायव्हर टाकला, वायफाय ६ परत चालू केलं, नाव जागेवर. शेठने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि दोनशे रुपये सर्व्हिसचे लावले.

दुसरा असाच घोळ राउटरच्या सिक्युरिटीत नुसतं डब्ल्यूपीए३ ठेवल्याने होतो. जुनी कार्डं तिथे आत शिरू शकत नाहीत. डब्ल्यूपीए२ आणि ३ दोन्ही चालतील असं सेटिंग केलं की भागतं.

पाच. असेंबल करणारी मंडळी. एएमडीच्या बोर्डावर इंटेलचं एएक्स२०१ वायफाय कार्ड मागतात. ते कार्ड इंटेलच्याच ठराविक बोर्डांवर चालतं, कारण त्याचा अर्धा संसार प्रोसेसर-चिपसेटमध्येच असतो. एएक्स२१० घ्या म्हणतो. खाच तीच, पण हे साध्या पीसीआयईवर बोलतं.

सात. गर्दी. "सीडी कुठे लावू, कॅबिनेटला ड्राइव्हच नाही." बऱ्याच डोंगलच्या पोटातच ड्रायव्हर असतो, लावला की आधी तो सीडी ड्राइव्ह म्हणून दिसतो, तिथून इन्स्टॉल करायचं. लिनक्सवाल्यांना मात्र आधी चिपचं नाव तपासायला लावतो. खोका तोच ठेवून आतली चिप बदलायची खोड काही कंपन्यांना आहे.

साडेआठ. शटर अर्धं खाली. परवाच्या गिऱ्हाइकाचा फोन : सिग्नल कमी येतो. कॅबिनेट टेबलाखाली, डोंगल मागच्या बाजूला, पत्रा आणि भिंत यांच्या मधे, शेजारच्याच यूएसबी ३.० पोर्टला हार्ड डिस्क. त्या पोर्टचा गोंगाट नेमका २.४ च्या आसपास पडतो. एक्स्टेन्शन केबलने डोंगल टेबलावर आणायला सांगितलं. दहा मिनिटांनी पुन्हा फोन : "भाऊ, मस्त झालं! आता हाच काढून टीव्हीला लावला तर?"

टीव्हीत त्याचा ड्रायव्हर नसतो, काका. टीव्हीला लॅन केबल ओढा.