शेतातला युरिया, केसपेपरवरचा युरिया

नारायणगाव परिसरातील नववीच्या एखाद्या वर्गाला विचारा, 'युरिया म्हणजे काय?' सगळा वर्ग एकदम ओरडेल, 'खत!' टोमॅटो, कांदा, ऊस, द्राक्षे पिकवणाऱ्या घरांतली ही मुले. आता फळ्यावर 'हिमॅट्युरिया' असे लिहा आणि हा कोणता युरिया ते विचारा. वर्ग गप्प होईल.

हा शब्द दवाखान्याच्या केसपेपरवर भेटतो. त्याचा अर्थ लघवीतून रक्त जाणे. दोन्ही युरियांचे मूळ एकच, मूत्र या अर्थाचा ग्रीक शब्द. युरिया हे रसायन आधी मूत्रात सापडले, म्हणून त्याला ते नाव पडले. १८२८ साली व्होलर या जर्मन शास्त्रज्ञाने ते प्रयोगशाळेत बनवले. पुढे ते कारखान्यात बनू लागले आणि गोणीत भरून शेतात आले. नाव मात्र तेच राहिले.

वैद्यकातले शब्द मुलांनी कशाला शिकायचे, असे कोणी म्हणेल. जुन्नर-आंबेगावच्या शिवारात याचे उत्तर सोपे आहे. इथे सर्पदंश ही पुस्तकातली गोष्ट नाही. नारायणगावचे डॉ. सदानंद राऊत यांचे सर्पदंशावरील उपचारांचे काम या भागात सर्वांना ठाऊक आहे. २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने दरवर्षी सरासरी ५८ हजार माणसे दगावली, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मांडला आहे. अशा वेळी रुग्णाला दवाखान्यात नेणारा घरातला माणूस 'दोन-दोन दिसतंय म्हणतो, घोट गिळता येत नाही' एवढे नेमके सांगू शकला, तर डॉक्टरांचे काम सोपे होते. लक्षण पाहायला आणि सांगायला शिकवण्यासाठी हे शब्द फार उपयोगी आहेत, कारण प्रत्येक शब्दात एक लक्षण दडलेले आहे. शब्द फोडला की ते दिसू लागते.

आम्ही यासाठी पत्त्यांचा एक खेळ सुचवतो. जुन्या लग्नपत्रिका कापून पत्ते करावेत. शब्दांचे तुकडे एकूण तेरा.

शब्दाच्या सुरुवातीचे सहा: डिस् (त्रासाने), ॲन् (अभाव), डिप्लो (दुहेरी), हिमॅट् किंवा हिमो (रक्त), न्यूरो (चेता), नेफ्रो (मूत्रपिंड, म्हणजे पाठ्यपुस्तकातले वृक्क).

शब्दाच्या शेवटचे सात: युरिया (लघवी), इमिया (रक्ताची स्थिती), फेजिया (गिळणे), प्निया (श्वास), ओपिया (नजर), टॉक्सिक (विषारी), आयटिस (दाह).

प्रत्येक तुकड्याचे चार पत्ते केले की बावन्न पत्त्यांचा जोड तयार होतो. चार गडी बसवावेत, प्रत्येकाला सात पत्ते वाटावेत. पाळीने गड्डीतला एक पत्ता उचलायचा, नको असलेला एक टाकायचा. दोन तुकडे जुळून शब्द झाला की तो खाली मांडायचा. शब्दाला एक गुण. तो शब्द आजीला कळेल अशा मराठीत सांगितला तर आणखी दोन गुण. 'डिस्फेजिया म्हणजे गिळण्याच्या क्रियेतील बिघाड' याला दोन गुण नाहीत. 'घास घशाखाली उतरत नाही' याला आहेत.

या तुकड्यांतून डझनभर शब्द जुळतात: डिस्युरिया, डिस्प्निया, ॲन्युरिया, ॲनिमिया, डिप्लोपिया, न्यूरोटॉक्सिक, नेफ्रायटिस वगैरे. मुले 'डिप्लो' आणि 'युरिया' यांचीही जोडी लावतील. हसून सोडून देऊ नका. 'दुहेरी लघवी' असे लक्षण असू शकेल का, हा प्रश्न वर्गापुढे ठेवा. शब्द का जमत नाही याचा विचार करताना मुले शरीराचाच विचार करतात.

पाठांतर हलके करायला संस्कृतची मदत घ्यावी. ग्रीक 'डिस्' आणि आपल्या दुर्गंध, दुष्काळ यांतला 'दुस्' हे एकाच कुळातले. 'ॲन्' म्हणजे आपल्या अनावश्यक, अनोळखी यांतला 'अन्'. 'हायपर'चा भाऊबंद 'उपरि', 'हायपो'चा 'उप'. हे नाते कळले की रक्तातली साखर वाढली की घटली, यात गफलत होत नाही. 'टॉक्सिक'ची गंमत वेगळी. ग्रीकमध्ये 'टॉक्सॉन' म्हणजे धनुष्य. बाणाला लावायच्या विषावरून हा शब्द आला.

खेळ अंगवळणी पडला की दोन कोडी घालावीत.

पहिले: पावसाळ्यात जमिनीवर झोपलेला मुलगा पहाटे पोटात दुखते म्हणून उठतो. अंगावर खूण दिसत नाही. मग टोसिस (पापण्या खाली पडणे), डिप्लोपिया, डिस्फेजिया. विष कोणत्या गटातले?

दुसरे: शेतात बाईच्या पायाला दंश झाला. पाय सुजत चालला, हिरड्यांतून रक्त येते, हिमॅट्युरिया, दुसऱ्या दिवशी ॲन्युरिया. इथे कोणते?

पहिल्याचे उत्तर न्यूरोटॉक्सिक, बहुधा मण्यार. नागाचे विषही प्रामुख्याने याच गटातले. दुसऱ्याचे उत्तर हिमोटॉक्सिक. बहुधा घोणस, आणि लघवी बंद झाली म्हणजे मूत्रपिंडालाही इजा झाली. फुरशाचे विषही रक्तावर परिणाम करते. दवाखान्यात यासाठी एक साधी चाचणी करतात. काचेच्या स्वच्छ, कोरड्या नळीत थोडे रक्त घेऊन ती वीस मिनिटे न हलवता ठेवतात. रक्त गोठले नाही, तर विष रक्तावर काम करीत आहे असे समजतात.

मात्र एक गोष्ट वर्गात ठासून सांगितली पाहिजे. ही कोडी कागदावर सोडवायची, माणसावर नाही. खरा दंश झाला तर साप ओळखत किंवा शोधत बसू नये. आपल्याकडचे प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांच्या विषावर चालते. जखम कापू नये, चोखू नये, करकचून बांधू नये. दंश झालेला हात किंवा पाय न हलवता माणसाला थेट दवाखान्यात न्यावे, आणि वाटेत काय काय दिसले ते डॉक्टरांना सांगावे.

खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या आवारात विज्ञान दिनानिमित्त परिसरातील शाळांचे प्रदर्शन भरत आले आहे. तिथे ज्वालामुखीच्या प्रतिकृतीशेजारी हा बावन्न पत्त्यांचा जोड मांडायला काय हरकत आहे? येणाऱ्या पालकांनाच खेळायला बसवा. शब्द फोडून सांगायचे काम मुलांकडे द्या.