मन आजारी पडते, तसे बरेही होते

जळगाव-धुळ्याच्या आपल्या वस्त्यांतून फिरताना आम्हाला एक वाक्य नेहमी ऐकू येते, "त्याला काही झालेलं नाही, आळस भरलाय." पण तो माणूस दोन-दोन आठवडे नीट झोपलेला नसतो, त्याला जेवण जात नाही, लेकरांशी तो बोलत नाही. बाई असेल तर तिला भगताकडे नेतात. हा आळस नव्हे आणि बाहेरचेही नव्हे. हा उदासीनतेचा आजार, म्हणजे डिप्रेशन.

आठवणी साठवणारा हिप्पोकॅम्पस नावाचा भाग मेंदूत खोलवर असतो. आजार वर्षानुवर्षे अंगावर काढला, तर अनेक रुग्णांत तो थोडा लहान झालेला आढळतो. विसरायला होते, साधा निर्णय घेता येत नाही. पण मेंदू म्हणजे दगड नव्हे. औषधोपचार, समुपदेशन, पुरेशी झोप, रोजचे चालणे आणि माणसांची सोबत यांनी तो सावरू शकतो.

गोळ्यांचा गुण यायला साधारण २ ते ४ आठवडे लागतात. आमच्या कचेरीतल्या एका सहकाऱ्याने दहाव्या दिवशीच गोळ्या सोडल्या आणि पुन्हा अंथरूण धरले. दुसऱ्या खेपेला घरच्यांनी धीर धरला, आज तो कामावर येतो. बरे वाटल्यावरही बहुधा किमान सहा महिने गोळ्या घ्याव्या लागतात. डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्या बंद करू नयेत.

धुळे व जळगावच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत मनोविकार विभागात दाखवावे. २०२२ साली सुरू झालेल्या टेली-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर रात्री-अपरात्रीही मराठीतून फुकट बोलता येते. आणि "जगून काय करू?" असे कोणी म्हटले, तर बंधू-भगिनींनो, त्याला रागावू नका, एकटे सोडू नका.