विडी ओढणाऱ्यांच्या पायांतील रक्ताभिसरणाची तपासणी

धूम्रपानाने फुप्फुसांस होणाऱ्या अपायाची चर्चा पुष्कळ होते. पायांतील रोहिण्यांचा अपाय मात्र बोटांत कोथ दिसेपर्यंत बहुधा दुर्लक्षित राहतो. तो आधी ओळखण्याची रूढ रीत आपल्याकडील विडी ओढणाऱ्यांस कितपत लागू पडते, हे पाहावयाचे आहे.

रूढ परीक्षा सोपी आहे. घोट्याजवळील आकुंचनी रक्तदाब डॉप्लर यंत्राने मोजून त्यास दंडातील दाबाने भागतात. भागाकार ०.९० किंवा त्याहून कमी आल्यास रोहिणी अरुंद झाली असे समजतात. ही कसोटी मुख्यतः उतारवयातील रोहिणीकाठिण्यासाठी आहे. २०१६ च्या अमेरिकी मार्गदर्शक सूचनांतही धूम्रपान करणाऱ्यांसाठी ती पन्नाशीनंतरच सुचविली आहे.

विनिवार्टर यांनी १८७९ मध्ये व लिओ बर्गर यांनी १९०८ मध्ये वर्णिलेला रोग निराळा आहे. तो तंबाखू सेवन करणाऱ्या तरुणांस पन्नाशीपूर्वीच गाठतो, आणि पाऊल व बोटे यांतील लहान रोहिण्यांत आरंभ होऊन वर सरकतो. म्हणून आरंभी घोट्याजवळचा दाब यथास्थित असतो, आणि रोगी निरोगी ठरतो. प्रश्नावलीही येथे अपुरी पडते. जेफ्री रोज यांची १९६२ ची प्रसिद्ध प्रश्नावली चालताना पोटरीत उठणाऱ्या वेदनेविषयी विचारते. या रोगात वेदना पुष्कळदा तळपायात असते.

१९३० च्या जंगल सत्याग्रहाने सर्वश्रुत झालेले पनवेलनजीकचे चिरनेर उदाहरणादाखल घेऊ. अशा गावी भातखाचरांत अनवाणी राबणारा तिशीतला शेतकरी तळपायाची कळ चिखलावर व बांधावर ढकलील, आणि बोटाची न भरणारी जखम लावणीचीच मानील. त्यात अस्वाभाविक काहीच नाही. त्यास वयाची अट, पोटरीचा प्रश्न व घोट्याचा दाब या तिन्ही चाळण्यांतून सहज निसटता येते.

तेव्हा तळपायाची वेदना, जागा बदलत येणारा नीलाशोथ व हातापायांची गार पडणारी बोटे यांविषयी विचारणे अगत्याचे आहे. ॲलन यांची १९२९ ची मनगटाची परीक्षा तर विनाखर्चाची आहे. हातांतील रोहिण्याही या रोगात सापडतात. अंगठ्यावर लहान पट्टा बांधून घेतलेला दाब दंडाच्या ०.७० पटीहून कमी असल्यास तो सदोष समजावा. मात्र पाय उबदार असावेत. थंडीने बोटांतील रोहिण्या आकसतात व आकडा फसवा येतो.

एवढा खटाटोप अशासाठी की कोथ होण्यापूर्वी तंबाखू संपूर्ण सोडणाऱ्याचा पाय बहुधा वाचतो. दिवसाकाठी एकदोन विड्या चालू राहिल्या तरी रोग जागता राहतो, आणि शस्त्रक्रियेस येथे वाव थोडा, कारण नवी वाहिनी जोडावयास खाली धड रोहिणीच उरलेली नसते.