नवीन मॉनिटर, जुना कॉम्प्युटर : अक्षर पुसट दिसतं म्हणून मशीन बदलू नका



डीटीपी, लग्नपत्रिका, फ्लेक्स डिझाइन, ऑनलाइन फॉर्मचं सेंटर असा व्यवसाय करणाऱ्यांचा एक प्रश्न नेहमी येतो. "सर, जुना चौकोनी मॉनिटर गेला. नवीन बावीस इंची आणला. पण अक्षर पुसट दिसतंय, फोटो ताणल्यासारखे वाटतात. दुकानदार म्हणतो सीपीयू जुना झाला, पूर्ण सेटच घ्या. घेऊ का?"

जरा थांबा. तीस-पस्तीस हजारांचा विषय आहे, आणि बहुतेक वेळा बिघाड सीपीयूत नसतोच. तो केबलमध्ये किंवा सेटिंगमध्ये असतो.

शिवाय जुनं मशीन कोणी हौसेने ठेवत नाही. त्यात जुनं मराठी फॉन्टचं सॉफ्टवेअर असतं, त्याचं डोंगल असतं, दहा वर्षांच्या पत्रिकांच्या फाइली असतात. नव्या मशीनवर हे सगळं जसंच्या तसं चालेलच असं नाही. आणि आपल्या धंद्यात पुसट दिसणं म्हणजे फक्त डोळे दुखणं नाही. मराठीत एक अनुस्वार, एक रफार, एक ऱ्हस्व-दीर्घ वेलांटी दिसली नाही की आडनाव चुकतं. पाचशे पत्रिका पुन्हा छापायच्या कोणाच्या खिशातून, ते तुम्हाला माहीत आहे.

आता मूळ कारण बघू. जुन्या काचेच्या डब्बा मॉनिटरला कुठलंही रेझोल्यूशन दिलं तरी तो बऱ्यापैकी जुळवून घ्यायचा. एलसीडी किंवा एलईडी मॉनिटरचं तसं नाही. त्याच्या पडद्यावर ठराविक मोजकेच ठिपके असतात. साडेअठरा इंचीला बहुधा १३६६ बाय ७६८, बावीस इंचीला बहुधा १९२० बाय १०८०. जुन्या चौकोनी सतरा-एकोणीस इंचीला १२८० बाय १०२४ असायचे. कॉम्प्युटर अजून जुन्याच मापाने चित्र पाठवत असेल, तर मॉनिटर ते ओढून-ताणून आपल्या मापात बसवतो. अक्षर जाड, कडा पुसट, आणि गोल लंबगोल.

हा लंबगोल फार महागात पडतो बरं का! ग्राहकाचा गोल लोगो स्क्रीनवर आडवा दिसतो म्हणून ऑपरेटर तो "सरळ" करतो आणि फ्लेक्सवर तो उभट छापून येतो. म्हणून पहिली तपासणी ही करा : कोरलड्रॉमध्ये कंट्रोल दाबून, किंवा पेंटमध्ये शिफ्ट दाबून, एक मोठा गोल काढा. सरळ फूटपट्टी स्क्रीनला लावा. आडवं आणि उभं माप सारखं आलं पाहिजे.

नाही आलं तर डेस्कटॉपवर राइट क्लिक करा. विंडोज ७ मध्ये स्क्रीन रेझोल्यूशन, विंडोज १० मध्ये डिस्प्ले सेटिंग्ज. यादीत ज्या आकड्यापुढे रेकमेंडेड लिहिलंय तो आणि मॉनिटरच्या खोक्यावरचा आकडा एकच आहे का ते बघा. असेल तर तोच निवडा, काम झालं.

यादीत तो आकडाच नसेल तर "जुन्या मशीनला झेपत नाही" असं लगेच मानू नका. इंटेलच्या जी ३१, जी ४१ चिपसेटचे बोर्ड आपल्याकडे अजून चालू आहेत, त्यांचं व्हीजीए १९२० बाय १०८० देऊ शकतं. मग आडतं कुठे? एक, ड्रायव्हर. डिव्हाइस मॅनेजरमध्ये डिस्प्ले अ‍ॅडॅप्टरखाली स्टँडर्ड व्हीजीए किंवा मायक्रोसॉफ्ट बेसिक असं नाव दिसलं, तर ग्राफिक्सचा ड्रायव्हर पडलेलाच नाही. बोर्डाचा मॉडेल नंबर बघून कंपनीच्या साइटवरून तो टाका. दोन, केबल. मॉनिटर आपलं माप कॉम्प्युटरला केबलमधूनच कळवतो, त्यासाठी पंधरापैकी काही पिना राखीव आहेत. हलक्या केबलमध्ये त्या तारा नसतील किंवा पिन वाकलेली असेल, तर विंडोजला मॉनिटर ओळखूच येत नाही. चित्र दिसतं, पण योग्य आकडा मिळत नाही. स्क्रीन पिवळी, गुलाबी किंवा हिरवट-निळी पडली तरी आधी केबलच काढून घट्ट लावा, कारण लाल, हिरवा, निळा यातली एक तार तुटलेली असते.

आकडा बरोबर असूनही अक्षर थरथरतं, कडेला सावली दिसते? व्हीजीए १९८७ सालचं अ‍ॅनालॉग तंत्र आहे, त्यात सिग्नल जुळवावा लागतो. वर्डची मजकुराने भरलेली पांढरी फाइल पूर्ण स्क्रीनभर उघडा आणि मगच मॉनिटरचं ऑटो अ‍ॅडजस्ट बटण दाबा. काळ्या वॉलपेपरवर दाबलं तर मॉनिटरला चित्राची कड सापडत नाही. त्यानंतर स्टार्टमध्ये क्लिअरटाइप शोधून त्याचे चार-पाच प्रश्न सोडवा.

नव्या मॉनिटरला फक्त एचडीएमआय असेल तर कन्व्हर्टर लागतो. इथे बरेच जण फसतात. तुमच्या सीपीयूला व्हीजीए आणि मॉनिटरला एचडीएमआय, म्हणजे "व्हीजीए टू एचडीएमआय" मागायचा. त्याला बहुधा यूएसबीची एक शेपटी असते, वीज घेण्यासाठी. उलटा "एचडीएमआय टू व्हीजीए" दिसायला तसाच असतो, पण इथे चालत नाही. त्यापेक्षा सोपं म्हणजे मॉनिटर घेतानाच मागे व्हीजीए आहे का ते बघा. आणि सीपीयूत वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तर केबल कार्डाला लावा, बोर्डाला नाही.

छपाईवाल्यांसाठी रंगाचं थोडं : नवा मॉनिटर दुकानात उठून दिसावा म्हणून फार उजळ ठेवलेला असतो. ब्राइटनेस कमी करा, मेनूत एसआरजीबी असेल तर तो मोड ठेवा. तरी कागदावरचा रंग हुबेहूब जुळेल असं ग्राहकाला सांगू नका.

मशीन कधी बदलायचं? बँक, पेमेंट, ग्राहकांचे आधार-पॅन हे सगळं त्याच विंडोज ७ वर चालत असेल तर. त्याचा सपोर्ट १४ जानेवारी २०२० ला संपलाय. ते काम दुसऱ्या मशीनवर न्या, आणि डीटीपीचं जुनं मशीन इंटरनेटशिवाय निवांत चालू द्या.

आणि चौकोनी मॉनिटर चालू असतानाच नवा घेतला असेल तर जुना भंगारात देऊ नका. दोन आउटपुटचं सेकंडहँड कार्ड मिळालं की तो काउंटरवर ग्राहकाकडे तोंड करून ठेवा. पत्रिकेतली नावं त्याने स्वतः वाचायची, मग प्रूफवर सही करायची, आणि मगच प्रिंट काढायची.