जुन्या लॅपटॉपची हार्ड डिस्क बदलताना

लॅपटॉप सुरू व्हायला वेळ लावू लागला आणि आतून टकटक ऐकू आली, की हार्ड डिस्क शेवटच्या घटका मोजतेय असं समजावं. आधी फोटो, दाखले, हिशेब दुसरीकडे उतरवून घ्या.

अंतरिक्ष पार्श्वनाथाच्या दर्शनाला आपल्या शिरपूर जैनमध्ये लांबलांबून माणसं येतात. डिस्कसाठी मात्र आपल्यालाच वाशीम नाहीतर अकोला गाठावं लागू शकतं. खेप फुकट जाऊ नये म्हणून निघण्यापूर्वी बॅटरी काढा, खालचं झाकण उघडा आणि डिस्कवरच्या लेबलचा फोटो काढा. जमलं तर जुनी डिस्कच पिशवीत टाका, दुकानदाराशी हुज्जत वाचते.

लॅपटॉपची डिस्क बहुधा २.५ इंची असते. जाडी ९.५ किंवा ७ मिलिमीटर. पातळ डिस्क जाड जागेत बसवता येते, उलटं जमत नाही. खरी गोम जोडणीत आहे. टोकाला बारीक पिनांच्या दोन रांगा दिसल्या तर ती जुनी आयडीई. तिची नवी डिस्क आता दुर्मीळच. पिनांऐवजी सपाट पट्ट्यांचे दोन तुकडे, एक ७ पट्ट्यांचा आणि दुसरा १५ पट्ट्यांचा, असतील तर ती साटा. मग फिरती डिस्क घेऊच नका, २.५ इंची साटा एसएसडी घ्या. दुकानात पुढे केली जाणारी लांबट एनव्हीएमई पट्टी त्या जागेत बसत नाही. जुन्या डिस्कची पत्र्याची चौकट आणि बारके स्क्रू मात्र जपून ठेवा, नव्या डिस्कला तेच लागतात.